अयोध्या नगरच्या तळघरातील पोर्ट वाइन

माझ्या नोकरीत चोरीच्या फिर्यादी शेकड्यांनी आल्या. "चोरी झाली आहे, पण बाटल्या सगळ्या जागेवर आहेत," अशी फिर्याद मात्र एकदाच आली, आणि ती मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हा मी भोपाळमध्ये एका मोठ्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपला लागून असलेल्या ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्याकडचे गुन्हे ठरलेले असत. टाउनशिपमधून सायकली जात, गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यांतून तांब्याची तार जाई आणि पगाराच्या आठवड्यात दारू पिऊन मारामाऱ्या होत. सकाळची हजेरी आटोपून मी रोजनामच्यावर सही करत होतो, तेवढ्यात हेड कॉन्स्टेबल आत आला. हसू दाबत म्हणाला, "साहब, एक बुजुर्ग आए हैं. कहते हैं बोतलें वहीं हैं, शराब चोरी हो गई."

गृहस्थ मराठी होते. कारखान्यातून वरच्या पदावरून निवृत्त होऊन त्यांनी अयोध्या नगरात घर बांधले होते. त्यांना इथे मी काका म्हणतो. पांढरी पँट, खिशाला पेन, आणि चेहरा असा की घरात कोणी गेले असावे. मी त्यांना बसवले, पाणी दिले आणि मराठीत बोलायला लागलो. माझे वडील नागपूरची कचेरी भोपाळला हलली तेव्हा तिच्याबरोबर इकडे आले, त्यामुळे मराठी माणूस समोर आला की माझी हिंदी आपोआप थांबते.

काकांनी सांगितले ते असे. तरुणपणी कारखान्याने त्यांना प्रशिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले होते. त्याच सुमारास इकडे त्यांना मुलगी झाली. तिथला घरमालक म्हणाला, आमच्याकडे मूल जन्मले की त्याच्या नावाने चांगल्या सालाची पोर्ट वाइन घेऊन ठेवतात आणि ते मोठे झाल्यावर उघडतात. पोर्ट म्हणजे पोर्तुगालची गोड, कडक वाइन. चांगली असेल तर वीस-पंचवीस वर्षे बाटलीतच मुरत राहते. काकांनी एक डझन बाटल्या जकात भरून जहाजाने आणल्या. टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये कोठीच्या खोलीत खड्डा करून, ओल्या वाळूत त्या ठेवल्या. पुढे स्वतःचे घर बांधताना त्यांच्यासाठी दगडी तळघर केले. आता मुलीचे लग्न ठरले होते. मांडव पडायच्या आधी एक बाटली उघडून बघावी म्हणून त्यांनी बूच काढले.

"साहेब, आत पोर्ट नव्हतीच. बाजारातली स्वस्त गोड वाइन होती."

"कशावरून?" मी विचारले. "उन्हाळ्याने खराब झाली असेल."

"पंचवीस वर्षे मुरलेल्या पोर्टच्या तळाशी गाळ बसतो. काळा, चिखलासारखा. मेणबत्तीच्या उजेडात, मलमलच्या फडक्यातून हळूहळू ओतून घ्यावी लागते. या बाटलीत गाळाचा कण नव्हता."

मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. बाहेर मे महिन्याचे ऊन आणि तळघरात माठाजवळ बसल्यासारखा गारवा. भिंतीला थर्मामीटर. बाटल्या आडव्या ठेवलेल्या, प्रत्येकीच्या वरच्या अंगाला चुन्याचा पांढरा फटका. बाटली हलवली तरी परत त्याच अंगावर ठेवता यावी, म्हणजे बसलेला गाळ ढवळत नाही, यासाठी ती खूण असते, असे काकांनी सांगितले. लेबले नव्हतीच, बुचांवर फक्त लाखेचे सील.

मी बॅटरी लावून सगळी सीले पाहिली. सहा बाटल्यांची ओबडधोबड होती. कुठे लाख ओघळलेली, कुठे ठसा तिरका. उरलेल्या सहांची सीले मात्र एकसारखी, ठसा नेमका मध्यभागी, कडा स्वच्छ. काकांनी उघडलेल्या बाटलीच्या लाखेचा उरलेला तुकडाही तसाच होता, म्हणजे ती याच सहांपैकी होती. बनावट माल मी पुष्कळ पाहिला होता. पण नकली वस्तू अस्सल वस्तूपेक्षा चांगली बनवलेली मी पहिल्यांदा पाहत होतो.

पंचनामा केला, बाटल्या काकांच्याच ताब्यात ठेवल्या. काकांना विचारले, "इथे बाहेरचे कोण येते?" ते म्हणाले, "कोणी नाही. घरचेच आम्ही. आणि कामवाली बाई."

एवढे पुरले. संध्याकाळपर्यंत गल्लीत झाले की बाईनेच दारू विकली. ती जवळच्या वस्तीत राहणारी विधवा होती, चार घरची धुणीभांडी करून पोट भरत होती. काकांच्या घराने तिला येऊ नको सांगितले, म्हणून बाकीच्यांनीही सांगितले. मी तिला ठाण्यात बोलावले. बाईमाणसाला अंधार पडल्यावर ठाण्यात ठेवायचे नाही, हा माझा नियम होता. म्हणून दिवसा, महिला कॉन्स्टेबलसमोर, जबाब घेतला.

"साब, मैं तो धूल पोंछती थी बस. वो भी बड़े साब के सामने."

तिचे हात मी पाहिले. आवाज ऐकला. खोटे बोलणारा माणूस बहुधा प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो किंवा फार उशिरा देतो. ती विचार करून, माझ्याकडे बघून उत्तर देत होती. शिवाय तिला विकायचेच असते तर तिने बाटल्या उचलून नेल्या असत्या, जागेवर नकली बाटल्या ठेवण्याचा खटाटोप केला नसता. माल गेल्याचे मालकाला कळूच नये, असे वाटणारा माणूस ओळखीचाच असतो. त्याला त्या घरात पुन्हा जायचे असते.

मधे काकांच्या घरचे सगळे लग्नाच्या खरेदीला नागपूरला जाऊन आले होते. मी तिला परत विचारले, "वो लोग नागपुर गए थे, तब बाहर का कोई आया था?"

"कोई नहीं आया साब."

मग प्रश्न बदलला. "अच्छा, घर के लोगों में कौन-कौन आया था?"

ती सहज म्हणाली, "बस गेजवाले साब. वो तो घर के ही हैं. चाबी उन्हीं के पास रहती है ना, नीचे की गर्मी देखने आते हैं."

हे गेजवाले म्हणजे काकांचे सगळ्यात जुने मित्र. दोघे एकाच वेळी नोकरीला लागले होते आणि प्रशिक्षणालाही एकत्रच गेले होते. पुढे त्यांनी नोकरी सोडून गोविंदपुऱ्यात गेज बनवण्याचे वर्कशॉप काढले. यंत्राचा भाग बरोबर मापाचा झाला की नाही हे ज्याने तपासतात ते गेज. हातात विलक्षण सफाई असलेला माणूस. ती एकसारखी सहा सीले माझ्या डोळ्यांसमोर आली.

एवढ्यावर मात्र कोणाला धरता येत नाही. गंमत म्हणजे ते स्वतःच ठाण्यात येत होते. जबाब पुरा होईपर्यंत बाईला रोज दिवसा यावे लागत होते. ती येऊन बसली की थोड्या वेळात हे हजर. "तिला सोडा, साहेब. तिने काही केलेले नाही."

"तुम्हाला कसे ठाऊक?"

"ती तशी नाही."

"मग कोण तसे आहे?"

यावर ते समोरच्या भिंतीकडे बघत. माणसाची चांगली वर्तणूक सांगायला लोक येतात तेव्हा भरपूर बोलतात, तिने आमच्याकडे किती वर्षे काम केले, कधी चमचा हलला नाही, वगैरे. हे गृहस्थ एकच वाक्य बोलत, ठामपणे. इतकी खात्री फक्त दोघांना असते. एक देवाला, आणि दुसरा ज्याने काम केले त्याला.

मी दोन हवालदार साध्या वेशात फिरवले. एकाने महाराणा प्रताप नगरातली हॉटेले पाहिली, जुनी परदेशी वाइन कोणी पाजतो का म्हणून. तिथे काही मिळाले नाही. दुसरा गोविंदपुऱ्यात होता. तिथल्या चहाच्या टपरीवाल्याने त्याला बोलता बोलता सांगितले, "गेजवाले साब का कारखाना तो बंद पड़ा है, पर एसी दिन-रात चालू. बिजली जाती है तो जनरेटर लगवा देते हैं. किसके लिए, भगवान जाने."

हवालदाराने हे मला विजेच्या चोरीची खबर म्हणून सांगितले. मी टोपी घातली आणि जीप काढायला सांगितली.

वर्कशॉपमध्ये ते एकटेच होते. यंत्रांवर ताडपत्री होती. मागे एक बंद खोली, दाराखालून थंड हवा येत होती.

"ही कसली खोली?"

"गेज रूम. गरमीने धातू फुगतो, माप चुकते. म्हणून तापमान कायम ठेवावे लागते."

"काम बंद आहे ना?"

"मूळ मापाचे मास्टर गेज आत आहेत."

"दाखवा."

"आज नको, साहेब. उद्या दाखवतो."

ते शांत होते. चाळीस वर्षे मापात काम केलेला माणूस, सहज डगमगणारा नव्हता. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. बरोबरच्या हवालदाराला म्हणालो, "कुलूपवाल्याला घेऊन ये. तो येईपर्यंत मेन स्विच पाड. उगाच वीज कशाला जाळायची?"

हवालदार वळला. तो स्विचपाशी पोचायच्या आत गेजवाले उठले. "स्विच नको," ते म्हणाले. खिशातून किल्ली काढून त्यांनी स्वतःच दार उघडले.

आत फळीवर हिरव्या बनातीवर सहा बाटल्या आडव्या ठेवल्या होत्या. सगळ्यांचा पांढरा फटका वर. एकीलाही हात लागलेला नव्हता.

मी स्टूल ओढून बसलो, त्यांनाही बसवले. पाणी मागवले. अशा वेळी अधिकाऱ्याने बोलायचे नसते.

"डझन आम्ही दोघांनी मिळून घेतला होता," शेवटी ते म्हणाले. "सहा त्याच्या मुलीच्या, सहा माझ्या मुलाच्या. दोघे एकाच महिन्यातले. त्याच्या क्वार्टरला कोठीची खोली होती, म्हणून सगळ्या तिथे ठेवल्या."

"मुलगा कुठे असतो?"

"तिसरीत असताना तापाने गेला."

हात लांब करून त्यांनी फळीवरची बनात सारखी केली.

"त्यानंतर त्या घरात त्याचे नाव कोणी काढले नाही. मला त्रास होऊ नये म्हणून. चांगलेच लोक आहेत. पण हळूहळू डझनच्या डझन मुलीचा झाला. लग्न ठरले तेव्हा तो म्हणाला, वरातीतल्या सगळ्यांना पाजायची, बाराच्या बारा. मी काय बोलू? लग्नघरात मेलेल्या मुलाचे नाव काढू?"

"मागितल्या असत्या तर त्यांनी दिल्या नसत्या?"

"लगेच दिल्या असत्या. म्हणून तर मागता आल्या नाहीत."

मला त्या माणसाचे वाईट वाटले, हे मी नाकारत नाही. पण वाईट वाटले म्हणून चौकशी अर्धवट सोडायची नसते. मी विचारले, "आणि ती बाई? चार घरची कामे गेली तिची. तिला ठाण्यात बसलेली तुम्ही रोज पाहत होता."

"म्हणून तर मी रोज येत होतो."

"येत होता. बोलला नाहीत."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले.

काकांना मी तिथेच बोलावून घेतले. ते दारात उभे राहिले, फळीकडे पाहिले, मित्राकडे पाहिले. मला वाटले होते की संतापतील. ते आत येऊन मित्राच्या शेजारी बसले. म्हणाले, "सहा तुझ्या होत्या. मी विसरलो रे. कसा विसरलो?"

सरकारी वकिलांचे मत घेतले. ज्या मालावर आपला हक्क आहे असे माणूस प्रामाणिकपणे मानतो, तो नेणे चोरीत बसत नाही, आणि इथे तर फिर्यादी स्वतःच हक्क मान्य करत होता. मी खात्मा रिपोर्ट पाठवला, प्रकरण कागदावर संपले.

माझ्या दृष्टीने एक काम राहिले होते. मी दोघांना सांगितले, "बाईवर संशय चारचौघांत आला, तो चारचौघांतच जाईल." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, लोक अंगणात बसलेले असताना, ते दोघे म्हातारे त्या प्रत्येक घरी गेले. गेजवाल्यांनी दारात उभे राहून सांगितले, बाटल्या मी नेल्या होत्या, बाईचा काही संबंध नाही. मी रस्त्याच्या कडेला जीपमध्ये बसून होतो. तीन घरांनी तिला परत बोलावले, ती गेलीही. काकांच्या घरी मात्र ती पुन्हा गेली नाही. काकूंनी दोनदा निरोप पाठवला. तिने सांगितले, "उनसे झगड़ा नहीं है. बस, मन नहीं होता." तिचे बरोबर होते, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात गेजवाल्यांनी मला घरी बोलावले. काका, काकू आणि नवरी मुलगी होती. ठाणेदार म्हणून जाणे मला प्रशस्त वाटेना, म्हणून साध्या कपड्यांत गेलो. त्यांनी मुलाच्या बाटल्यांपैकी एक उघडली. जुने बूच निघता निघता चुरले. मागे मेणबत्ती धरून त्यांनी बाटली इतकी हळू कलंडवली की धार तुटली नाही, आणि मानेशी काळा गाळ दिसताच हात थांबवला. लहान लहान ग्लासांत ओतून दिली. मला वाइनमधले काही कळत नाही. काळ्या मनुका भिजवलेल्या पाण्यात लवंग आणि जुन्या लाकडाचा वास मिसळावा, तसे काहीतरी जिभेवर आले, घोट गिळल्यावरही बराच वेळ राहिले.

मग नवरी मुलीने ग्लास वर केला आणि त्या मुलाचे नाव घेतले. अगदी सहज, शेजारच्या खोलीतून हाक मारावी तसे. म्हणाली, "तो माझ्या डब्यातला गूळपोळीचा तुकडा रोज पळवायचा." गेजवाले हसले, आणि हसता हसता रडायला लागले. काका त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. मी थोड्या वेळाने कोणाला न सांगता निघून आलो.

पुढे प्रशिक्षणाला येणाऱ्या पोरांना मी हे प्रकरण आवर्जून सांगत असे. अट्टल चोराला पकडणे फारसे कठीण नसते, तो चुका करतो आणि खबरी त्याला ओळखतात. कठीण असतो तो सभ्य माणूस, जो खोटे बोलत नाही, फक्त गप्प बसतो. तेवढ्या वेळात दुसऱ्याच कोणाची तरी रोजीरोटी जाते. त्या गप्प बसण्याला कायद्यात कलम नाही. म्हणून गुन्हा उघड झाला की फाइल लगेच बांधू नका. आधी पाहा, या सगळ्यात विनाकारण कोण भरडले गेले, आणि त्याच्या दारापर्यंत जा. वर्दी त्यासाठीही दिलेली असते.