घंटी कुठे वाजते

मी लातुरात शिकवणीवर्गांना हजेरीची यंत्रं बसवून देतो. पोरानं अंगठा लावला की घरी मेसेज जातो, आपला पाल्य वर्गात हजर आहे. इंजिनिअर म्हटलं की लग्नाकार्यात लोक बाजूला घेऊन विचारतात, मोबाईल उशाशी ठेवला तर मेंदूला अपाय होतो का. मी सांगतो, उशाशी ठेवून होत नाही, त्यावरचे फॉरवर्ड वाचून होतो. पासवर्ड म्हणून लेकराचं नाव आणि जन्मसाल ठेवू नका, हे मी कैक वर्षं सांगतोय. लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन तेच ठेवतात.

एका गोष्टीची मात्र मला थट्टा जमत नाही. शेजारचे निवृत्त गुरुजी परवा सुनेवर चिडले होते. "दोन निळ्या खुणा दिसून राहिल्या, म्हणजे तिनं वाचलंय. मुद्दाम उत्तर देईना." मी म्हणालो, "गुरुजी, खूण फोननं केली, सुनेनं नाही. फोन कुणाच्याही हातात असेल. यंत्रानं दाखवलं ते माणसाची खबर समजू नका." ते म्हणाले, "तुम्ही लई ताणता." ताणतो खरा.

लातूरचा तो मोठा भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला, आई-वडिलांजवळ राहून, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. थोरला भाऊ औशाकडच्या एका गावात शाळामास्तर होता. तो ज्यांच्याकडे भाड्यानं राहायचा त्या घरमालकांचा फोन होता, निकडीला आम्ही तिथंच लावायचो. त्या सकाळी रेडिओवर बातमी ऐकून आई, वडील आणि मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो. लाइन लागायला तासभर गेला. मग आईनं रिसीव्हर कानाला लावला आणि तिच्या जिवात जीव आला.

"वाजून राहिलाय," ती म्हणाली. "घंटी वाजती म्हंजे घर उभं हाय."

वडिलांनी पिशवी भरून आणली होती. "तरी जाऊन येतो," ते म्हणाले.

"तो लोकांच्या मदतीला गेला असंल. तुम्ही तिकडं निघाले अन् इथं बूथवर त्याचा फोन आला तर?"

वडील थांबले.

मला माहीत होतं. थोड्याच दिवसांपूर्वी वर्गात शिकवलं होतं की फोन करणाऱ्याला ऐकू येणारी घंटी पलीकडच्या घरातून येत नाही. ती एक्स्चेंज ऐकवतं. तार तुटलेली असो की घर जमीनदोस्त झालेलं असो, एक्स्चेंज शाबूत असेल तर घंटी वाजतच राहते. आणि त्या गावचं एक्स्चेंज तालुक्याला होतं. परीक्षेत हे मी आकृतीसकट लिहिलं असतं. तिथं मात्र तोंडातून शब्द निघाला नाही. आईचा चेहरा बघून निघाला नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ती घंटी मलाही हवी होती. मी रिसीव्हर मागून घेतला आणि नुसता ऐकत उभा राहिलो. अजूनही कुठं फोन लावला आणि कुणी उचलला नाही, तर तीन-चार घंट्यांच्या वर मला ऐकवत नाही.

दोन दिवस आम्ही बूथवर आळीपाळीनं उभे राहिलो. तिसऱ्या दिवशी घंटी वाजतच होती, पण वडिलांनी पिशवी उचलली. आम्ही पोचलो तेव्हा गावाच्या जागी ढिगारे होते आणि जवान होते. भाऊ आदल्या दिवशी सापडला होता आणि त्याच दुपारी बाकीच्यांबरोबर त्यालाही अग्नी दिला होता. पहिल्या दिवशी निघालो असतो तरी तो वाचला नसता. त्याचं तोंड तेवढं दिसलं असतं. आईला तेवढंही मिळालं नाही.

परतताना बसमध्ये वडील तिला म्हणाले, "तू अडवलंस." तो विषय त्यांनी पुढं मरेपर्यंत काढला नाही. मी खिडकीशी बसलो होतो. तेव्हाही बोललो नाही.

पुढं लातूर डॉक्टर-इंजिनिअर घडवायच्या मागं लागलं. बिलोली, धर्माबादकडची लेकरं इथं खोल्या करून राहू लागली आणि मला काम मिळालं. वडील गेल्यावर आईला इथंच आणलं.

गेल्या पावसाळ्यात एका वर्गाच्या मालकांनी बोलावलं. लाइट गेली की यंत्र बंद, मेसेज जात नाहीत आणि पालकांचे फोन सुरू होतात. "साहेब, लाइट नसली की सगळे हजर, असं टाकून द्या. पालक निवांत राहतात."

"नाही. यंत्र बंद पडलं की सर्व्हरवरून 'माहिती नाही' असा मेसेज जाईल."

"घाबरतील हो."

"घाबरू द्या. घाबरलेला माणूस निघतो तरी."

माझा आवाज भलताच चढला होता. त्यांनी ऐकलं. आठवडाभरातच बिलोलीकडची एक बाई तो मेसेज कुणाकडून वाचून घेऊन, खुरपणी टाकून, मिळेल त्या गाडीनं लातुरात आली. मी यंत्र बघायला तिथंच होतो. पोरगी आत गणितं सोडवत होती. बाईनं तिला बाहेर बोलावून दोन्ही हातांनी तिचं तोंड चाचपलं आणि मग माझ्याकडं वळली. "कशाला जीव टांगणीला लावता हो? लेकरू तर बरं हाय."

मी माफी मागितली. मनातून मला फार बरं वाटलं होतं.

घरी आलो तेव्हा आई मेथी निवडत बसली होती. मी हसत हसत तिला सगळं सांगितलं, मालकाला कसं गप्प केलं तेही. बोलण्याच्या भरात म्हणालो, "यंत्राला काय कळतंय, आई? फोनची घंटीसुद्धा आपल्याला ऐकू येते ती तिकडची नसते."

तिचे हात थांबले. "हे तुला कधीपासून ठाऊक हाय?"

खोटं बोलता आलं असतं. "तेव्हापासून," मी म्हणालो. "कॉलेजात शिकवलं होतं."

ती रागावेल म्हणून मी वाट पाहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती पुन्हा काड्या वेगळ्या करू लागली. जुडी संपल्यावर म्हणाली, "म्हंजे अडवणारे आपण दोघं होतो. अन् मी इतकी वर्षं एकटीच झुरून राहिले." मग काड्या बाजूला सारत म्हणाली, "मला नसतं सांगितलं तर नसतं. तुझ्या बापाला तरी सांगायचं होतंस. ते मला मनातनं दोष देतच गेले."