उज्जैनची साडेपाचची बस

नागदा मागे पडलं आणि डब्यातल्या लोकांची आवराआवर सुरू झाली. खिडकीबाहेर गहू कापून झालेली शेतं होती, मध्येच एखादं चिंचेचं झाड आणि त्याखाली बसलेल्या म्हशी. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी रतलामला घेतलेल्या शेवेचा उरलासुरला पुडा माझ्यापुढे केला.

"महाकाल के दर्शन को?"

"नहीं, मौसी के घर."

"एक ही बात है," ते म्हणाले आणि शेव संपेपर्यंत मला त्यांनी उतरू दिलं नाही.

काका फलाटावर उभे होते. ते रेल्वेतून निवृत्त झालेत, तरी गाडी यायच्या अर्धा तास आधी जाऊन इंजिनाची वाट बघण्याची सवय सुटलेली नाही. माझी पिशवी घेतल्या घेतल्या त्यांनी बातमी दिली, की गाडी सतरा मिनिटं लेट आहे आणि हे त्यांच्या काळात चाललं नसतं. मग आम्ही टेम्पोत बसलो. उज्जैनचा टेम्पो म्हणजे नाक पुढे आलेली तीनचाकी. तिच्यात आठ जण बसतात आणि नववा आला की सगळे श्वास आत घेतात.

माधव नगरातल्या घरी मावशी दारातच होती. "अगं, किती दुबळी झालीस!" (इथल्या मराठीत दुबळी म्हणजे बारीक.) "चल, हातपाय धू. पोहे बनवून राहिलेय." मावशीच्या सासरचे लोक तीन पिढ्यांपूर्वी इकडे आले. भांडण मराठीत, हिशेब हिंदीत आणि देवाशी बोलणं दोन्हींत, अशी त्या घराची पद्धत आहे. पहिल्या दिवशी मला मजा वाटली, तिसऱ्या दिवसापासून मीही तशीच बोलू लागले.

दुसऱ्या सकाळी काका मला फ्रीगंजातल्या टावर चौकात घेऊन गेले. पोहे वाफेवर ठेवलेले, वर शेव, बडीशेप आणि लिंबू, आणि शेजारच्या कढईतून सरळ कागदावर येणारी जिलबी. आमच्या सोलापुरात कोणी पोह्यांबरोबर जिलबी दिली तर आपण त्याच्याकडे संशयानं बघू. इथे ती नसेल तर सकाळ झाली नाही असं समजतात.

पोहे संपल्यावर उरलेली जिलबी कागदात घेऊन आम्ही समोरच्या प्याऊवर (पाणपोईवर) गेलो. लाल फडक्यात गुंडाळलेले माठ, आणि एक बाई रामझाऱ्यानं (लांब तोटीच्या भांड्यानं) ओंजळीत पाणी ओतत होती. हमाल प्यायले, एक वकीलसाहेब काळ्या कोटात प्यायले, आम्ही प्यायलो.

"काका, इथे कोणी विचारलं नाही, तुम्हाला परवडतं का म्हणून."

"पाण्याला कोण विचारतं?"

"मग शहरातल्या बसला का विचारायचं? कामाला जाणं, दवाखान्यात जाणं हेही पाण्याइतकंच गरजेचं. सगळ्यांच्या करातून चालवा आणि सगळ्यांना बसू द्या."

"फोकटच्या गोष्टीची कदर नसते, बेटा. आपण फ्रीगंजात उभे आहोत म्हणून सगळंच फ्री होत नाही."

"तुमचा रेल्वेचा पास? परवाच हरिद्वारला जाऊन आलात ना?"

काकांचा जिलबीचा हात थांबला. "तो आमच्या नोकरीचा आहे."

"म्हणजे कोणीतरी आधी भरलेलाच आहे."

"छापखान्यात वाढलीस," काका म्हणाले, "दुसरं काय बोलणार!" आणि उरलेली जिलबी त्यांनी रागानं मला दिली. माझे वडील युनियनची पत्रकं छापतात. मी अक्षरं त्यांच्यावरूनच शिकले, तेव्हा काकांचं काही चुकलं नव्हतं.

कमलाबाईची गाठ त्याच दुपारी पडली. मावशीच्या गल्लीतच मुलींचं वसतिगृह आहे. तिथला स्वयंपाक उरकून ती मावशीकडे पोळ्या करायला येते. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका बंद पडलेल्या कापडगिरणीच्या चाळीत राहते. नवरा त्या गिरणीत होता. गिरणी गेली तेव्हापासून चौघांचं घर तिच्या पगारावर चालतं. त्या चाळीतून साडेपाचला पहिली बस निघते आणि सहाच्या आत इकडे पोचते. ती बस आता बंद करायचं चाललं होतं.

"बोलते हैं, जो कमाए वो चले," पोळी लाटता लाटता ती म्हणाली. "नई हवा है, दीदी."

"बस गेली तर?"

"पैदल सवा घंटा. छह बजे लड़कियों की चाय लगती है. तीन दिन लेट हुई, तो वार्डन बाई दूसरी रख लेगी. बोल के रखा है." तिनं पोळी उलटली. फुगली म्हणून तिला बरं वाटलेलं दिसलं.

मला काय करायचं ते तिथल्या तिथे ठरलं. ही बस टावर चौकातून पाचला रिकामी निघून चाळीकडे जाते. दुसऱ्या पहाटे मी तिच्यात बसले. मावशीनं डब्यात मठरी (जाड खारी पुरी) दिली होती आणि "फार बोलू नकोस" असंही सांगितलं होतं. रस्ते झाडून होत होते, दुधाच्या सायकली चालल्या होत्या आणि वारा इतका गार होता की हा चैत्र आहे हे पटेना.

चाळीपाशी पंचवीसेक माणसं चढली. बहुतेक बाया. घरकाम करणाऱ्या, मंडईत भाजी आणायला जाणाऱ्या, दोघीतिघी दवाखान्यात झाडू मारणाऱ्या. कंडक्टर रामप्रसादजी चष्म्याच्या दांडीला दोरा बांधून तिकिटं फाडत पुढे येऊ लागले, आणि मी उभी राहिले. रस्त्याचं तिकीट लागत नाही, दिव्याखालून चालायचं तिकीट लागत नाही, मग बसचं का? तुम्ही कामाला पोचता म्हणून हे शहर जागं होतं, तर तुम्हाला पोचवायचा खर्च शहरानं करावा. आजपासून तिकीट काढू नका, सगळे मिळून नाही म्हणा, मग बघू कोण उतरवतं! असं मी माझ्या हिंदीत बोलले. टाळ्या पडल्या. रामप्रसादजींनी तिकिटांची गड्डी खिशात घातली आणि म्हणाले, "आप पढ़ी-लिखी हो, बहनजी. ठीक है."

त्या दिवशी मी फार खुशीत होते. संध्याकाळी क्षिप्रेच्या घाटावर पाय सोडून बसले आणि घरी लांबलचक पत्र लिहिलं. मावशीकडे दाल-बाफले होते. बाफला म्हणजे कणकेचा गोळा आधी उकडून मग भाजतात आणि तुपात बुडवतात. दोन खाल्ले की माणूस क्रांती दुसऱ्या दिवसावर ढकलतो. मी तीन खाल्ले.

दुसऱ्या पहाटेही कोणी तिकीट काढलं नाही. पण एक गोष्ट मी सांगितली नव्हती, ती त्यांनी आपणहून सुरू केली. बस थांबली की प्रत्येक बाई उतरताना रामप्रसादजींच्या पिशवीत काहीतरी टाके. कोणी कैरी, कोणी मूठभर भाजके चणे, कोणी दोन लिंबं. मी एका आजींना विचारलं, हे कशाला? त्या माझ्याकडे लहान मुलीकडे बघावं तशा बघून म्हणाल्या, "फोकट में नी बैठाँ, बेटी. (फुकट बसत नाही आम्ही.) पाप लागे."

त्याच फेरीच्या शेवटी टावर चौकात रामप्रसादजींनी मला खाली उतरवलं. त्यांच्या हातात फेरीचा कागद होता.

"ऊपर वाले पंद्रह दिन का गल्ला देख रहे हैं, बहनजी. उसी पे फैसला है, बस रहेगी कि जाएगी. ये देखो. दो दिन में पहली फेरी के कुल तीन टिकट, वो भी आपके खड़े होने से पहले के." त्यांनी पिशवी उघडून दाखवली. "साहब को क्या दिखाऊँ? कैरी?"

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" मी मराठीतच ओरडले.

त्यांना ते समजलं. "मैंने सोचा, एक दिन का जोश है. उतर जाएगा."

कमलाबाई बाजूलाच उभी होती. बस बंद होणार एवढंच तिनं ऐकलं होतं, ती कशावर बंद होणार हे तिलाही आत्ताच कळत होतं. ती चिडली असती तर सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "आप तो गाड़ी में बैठ के चली जाओगी, दीदी," आणि सहा वाजत आले होते म्हणून भरभर चालू लागली.

रामप्रसादजींनी ती पिशवी माझ्याच हातात दिली. मावशीनं त्यातल्या कैऱ्या किसल्या आणि गूळ घालून लौंजी (कैरीचं आंबटगोड तोंडीलावणं) केली. लौंजी अप्रतिम झाली होती, आणि मी माझी वाटी काकांपुढे सरकवली.

तिसऱ्या पहाटे मी पुन्हा त्याच बसमध्ये उभी राहिले. मी म्हटलं, तिकीट काढा. माझी चूक झाली.

बस हसली. खरंच, सगळी बस. एक भाजीवाली रामप्रसादजींकडे बघून म्हणाली, "भिया (भैया), परसों तो बोल री थी कि मत काढ़ो! दीदी, पक्का कर लो पहले." मागून कोणीतरी विचारलं, बसच्या ऑफिसानं हिला किती दिले. तेव्हा कमलाबाई उठली. मालवीत काय बोलली ते मला अर्धंच समजलं, पण "म्हारी नौकरी" आणि "पंदरा दिन" एवढं नक्की होतं. तिनं स्वतः पहिलं तिकीट काढलं. मग हात वर होऊ लागले. भाजीवालीनं दोन काढली. "एक टोकरी का," ती म्हणाली आणि टोपली सीटवर नीट बसवली.

पण पंधरा दिवसांतले दोन गेलेच होते. तेव्हा अर्ज करायचं ठरलं, आणि अर्ज लिहायला घरात काकांशिवाय कोण होतं? त्यांनी चष्मा लावला, "सेवा में, श्रीमान" असं घोटून काढलं आणि पहिल्याच ओळीला आमचं जुंपलं.

"मुफ्त हा शब्द मी लिहिणार नाही."

"तोच तर मुद्दा आहे, काका!"

"मुद्दा तुझा. नोकरी तिची. साहेब मुफ्त वाचेल आणि कागद फाईलमध्ये जाईल. लिहितो, पहिल्या फेरीचा घाटा महापालिकेनं सोसावा, तिकीट राहू द्यावं."

मी एक तास लढले आणि हरले. माझ्या हट्टानं एकच वाक्य राहिलं, रस्त्यावरच्या दिव्याचं. त्याच्याखाली काकांनी आपणहून प्याऊचं जोडलं: या शहरात तहानलेल्याला उत्पन्न विचारण्याची रीत नाही. लिहून झाल्यावर ते ओशाळून म्हणाले, "मजकूर जरा वजनदार पाहिजे, म्हणून." चाळीत फिरून सह्या आणि अंगठे घेतले.

अर्ज घेऊन कमलाबाई आणि मी महापालिकेच्या बस ऑफिसात गेलो. साहेबांनी वाचला. दिव्याच्या वाक्यापाशी हसले. "दिया घाटे में नहीं चलता, बहनजी?"

"चलता है. फिर भी शाम को जलाते हो ना?"

ते माझ्याकडे बघेनात, कमलाबाईकडे वळले. "पैदल नहीं आ सकती?"

"आ सकती हूँ, साहब. साढ़े चार बजे निकलूँगी. अँधेरे में मिल की दीवार के पास से. आपकी बेटी हॉस्टल में होगी, तो उसकी चाय टैम पे मिलेगी." पदर सावरून ती म्हणाली, "मैं पहुँची तो."

साहेबांनी अर्जावर काहीतरी लिहिलं आणि घंटी वाजवली.

निकाल माझ्या निघण्याच्या आदल्या दिवशी रामप्रसादजींकडून कळला. साडेपाचची फेरी राहिली. कमी पडेल ते पालिका भरणार, निदान पावसाळा संपेपर्यंत. चाळीची दुपारची फेरी मात्र गेली. त्या फेरीनं चाळीतली म्हातारी माणसं दवाखान्यात जात. त्यांच्यासाठी मी काहीच केलं नव्हतं, आणि करायला दिवसही उरला नव्हता. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जाऊन कमलाबाईला सांगितलं, तर तिनं कणकेचे हात पुसले आणि म्हणाली, "चलो. तो कल का आटा आज ही भिगो देती हूँ." वसतिगृहात मुलींना सकाळी पराठे मिळणार होते. तिला उद्याचा बेत ठरवता येत होता, याहून मोठी बातमी तिला कुठली हवी होती?

सोलापुरात उतरल्यापासून सगळे विचारताहेत, महाकाल पाहिला का? पाहिला, रांग मोठी होती, पण पाहिला. घाट पाहिले, आणि खाणं तर इतकं झालं की मावशीला आता मी दुबळी वाटणार नाही. मला उज्जैन मनापासून आवडलं. शहराची बस सगळ्यांच्या पैशानं चालावी आणि चढणाऱ्याला कोणी काही विचारू नये, हे माझं मत तिथे जाऊन बदललं नाही, उलट पक्कं झालं. पण ज्यांच्यासाठी मी बोलत होते त्यांना फुकट नको होतं, त्यांना बस हवी होती. या दोन गोष्टी एकच आहेत असं मी धरून चालले होते. त्या एक होईपर्यंत रोजची साडेपाचची बस कोणालातरी गाठायची असते, आणि ती मला गाठायची नव्हती.

परवा वडिलांनी शहर वाहतुकीवरच्या नव्या पत्रकाचा मजकूर मागितला. आजवर मी शेवटी "झालेच पाहिजे" लिहून खाली जाड रेघ मारत असे. या वेळी तेही लिहिलं, रेघही मारली, आणि रेघेखाली एक ओळ जास्त घातली. वडिलांनी दोनदा वाचून विचारलं, ही चुकून राहिली का? मी म्हटलं, नाही, तशीच छापा.

तोवर तिकीट काढा.