जेवलो म्हणायची सवय

गोळ्यांच्या पाकिटावर पंजा ठेवायची आणि विचारायची, "जेवलात का?" उत्तर मिळेपर्यंत पंजा हलायचा नाही.

कडावला नाक्यावर तिचं मेडिकल होतं. नवरा बोटीवर, दुकान ती एकटी चालवायची. सगळे तिला मेडिकलवाली बाई म्हणायचे.

मी चौथी शिकलेला. मला वाटायचं, बाईला रीतभात मोठी. औषधाला आलेल्या माणसालाही जेवलात का म्हणून विचारते. आणि तुम्हालाही माहीत आहे, आपल्याकडं असं विचारलं की जेवलो म्हणायचं असतं. नाही म्हटलं तर समोरच्याला ताट वाढावं लागतं. आता तिनं काय दुकानात भात लावायचा? म्हणून सगळे जेवलो म्हणायचे. सकाळी सातला आलेला माणूससुद्धा.

एकदा पोशीरचा एक जण दाढ धरून आला. मी बाकावर बसलो होतो.

"जेवलात का?"

"व्हय, जेवलो की."

"काय जेवलात?"

"भात."

"कशासंगं?"

त्यानं दाढ सोडली आणि माझ्याकडं बघितलं. "बाई, गोळी देता का माझं लगीन जमवता?"

तिनं बरणीतून चार बिस्किटं काढून त्याच्यापुढं ठेवली. "ही खा आधी. चहा पिऊन आलाय तुमी. चहाला जेवण म्हनू नका." तो खाऊन गेला. खरंच चहा पिऊन आला होता. मिशीला लागलेला होता.

रोज्याच्या महिन्यात गंमत व्हायची. स्वतःच्या पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि उभी राहून दुसऱ्याला विचारतेय जेवलात का. एकदा माझ्या बायकोनं तिला उलटं विचारलं, "तू जेवलीस का गं?" तर म्हणाली, "मी कुठं गोळी घेतेय काकी?" तेव्हाच आम्हाला कळायला पाहिजे होतं, की ती रीत म्हणून विचारत नाही. नाही कळलं.

गोळ्यांची पट्टी कापताना नाव छापलेला तुकडा ती गिऱ्हाइकाला द्यायची. बिननावाची गोळी घरात ठेवू नये म्हणायची. ज्याला वाचता येत नाही त्याच्या पाकिटावर पेनानं ताट काढायची, ताटात भाताची मूद, आणि ताटाच्या पुढं गोळीचा ठिपका. आधी ताट, मग ठिपका. लोक चेष्टा करायचे, "बाई, मुदीवर वरण कुठं हाय?"

"वरण घरी घाला," म्हणायची, आणि पुढचं पाठ असल्यासारखं बोलून टाकायची. "दिवसाला तीनच्या वर नाय. दोन गोळ्यांच्या मधी आठ तास. तीन दिवसांत दुखायचं थांबलं नाय तर डॉक्टर, परत माझ्याकडं यायचं नाय. बीपी, किडनी, पोटात कधी जखम, रक्त पातळ करायची गोळी, यातलं काय असंल तर आधी सांगायचं." इतकं ऐकेपर्यंत माणसाचं निम्मं दुखणं थांबायचं.

आता माझं सांगतो. माझ्या बायकोचे गुडघे गेले होते. आयुष्यभर भातलावणीत वाकलेली बाई. सकाळी उठताना भिंतीला धरायची. सुजेवरची ती गुलाबी गोळी, आयबुप्रोफेन का काय नाव, ती घेतली की चालायची. आणायला मी जायचो.

"काकी जेवल्यात का?"

"जेवली."

सोमवारी पण जेवली, गुरुवारी पण जेवली. दोन्ही दिवस तिचा उपास असायचा. कोऱ्या चहाबरोबर गोळी घ्यायची आणि गोठ्यात जायची. मला दिसत होतं. पण जेवली का म्हटल्यावर माझ्या तोंडातून दुसरं काय निघायचंच नाही.

तीन दिवसांच्या वर बाई द्यायची नाही, म्हणून पुढच्या गोळ्या मी कर्जतहून आणायचो. तिथं कोणी काही विचारायचं नाही. तिथली गोळी पांढरी होती. मग हिनं सकाळी उरलेली गुलाबी आणि दुपारी पांढरी असं चालू केलं. रंग वेगळा म्हणजे औषध वेगळं, असं आम्ही धरून चाललो. शहाणपण हे एवढं.

आश्विनात एका गुरुवारी मी दुकानात गेलो. म्हटलं, "बाई, हिला चक्कर येते, तोंड पांढरं पडलंय. ताकदीचं काहीतरी दे."

तिनं बाटली काढली नाही. "शी कशी होते काकींना?"

दुकानात चार माणसं उभी. मला राग आला. "बायकांच्या शीची चौकशी नाक्यावर करतेस होय गं?"

"काका, काळी होते का? डांबरासारखी?"

होत होती. चार दिवसांपूर्वीच ही मला म्हणाली होती आणि आम्ही ते कालवणावर ढकललं होतं. मी मान हलवली. बाईनं त्या चार माणसांना औषध न देता बाहेर काढलं, शटर ओढलं, आणि रिक्षा थांबवून माझ्याआधी आत बसली.

हिला घेऊन आम्ही कर्जतला निघालो. हिचं डोकं बाईच्या खांद्यावर. हात गार पडले होते. रिक्षात बाईनं विचारलं, "काकी, आज सकाळी काय खाल्लं?"

"आज गुरुवार हाय ना गं," ही म्हणाली. "काय नाय खात मी."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी पण नाय."

बाईनं माझ्याकडं बघितलं. "तुमी जेवली म्हणाला होतात."

"इचारल्यावर जेवली म्हनायचंच असतं," मी म्हणालो. दुसरं काय बोलणार?

"आणि दुसरी कुठली गोळी चालू हाय?"

मी खिशातून पांढरी काढून दिली. तिनं मागचं बारीक अक्षर वाचलं आणि डोळे मिटले. "काका, दोन्ही एकाच जातीच्या हायत. एकावर एक." वेणगावच्या पुढं आल्यावर एकदम म्हणाली, "इतकी वर्षं मी इचारते, आणि इतकी वर्षं सगळा गाव मला मान देतोय!"

पोटात जखम होऊन रक्त गेलं होतं. रिकाम्या पोटी दोन-दोन गोळ्या घेतल्यानं झालं, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. तीन बाटल्या रक्त चढवलं. वाचली. बाई संध्याकाळपर्यंत तिथंच बाकड्यावर होती.

त्यानंतर बाईनं आपला प्रश्न बदलला. "जेवलात का" बंद. आता विचारायची, "कधी जेवलात?" फरक एका शब्दाचा, पण त्याला हो म्हणून चालत नाही. माणसाला आठवावं लागतं. आठवता आठवता खरं बाहेर पडतं. निम्मं गाव उपाशी गोळ्या खात होतं, ते तेव्हा कळलं. उपासाला तिनं कधी नावं ठेवली नाहीत. म्हणायची, "उपास करा, पण त्या दिवशी ही गोळी नको. गुडघा शेकत बसा." आमची ही कोंडा गरम करून फडक्यात बांधायची आणि शेकत बसायची. दुखायचंच. पण सोमवार सोडला नाही.

दोन वर्षं काढली हिनं पुढं. मग एका सकाळी गोठ्यात बसली ती उठलीच नाही. हृदय बंद पडलं म्हणाले. कशानं पडलं ते कोणी सांगितलं नाही, आणि त्या जुन्या गोळ्या माझ्या डोक्यातून जाईनात. मी भेटेल त्याला विचारायचो, माझ्यामुळं गेली का? सगळे म्हणायचे, "नाय रं, तिचं तेवढंच होतं." भावानं सांगितलं, व्याह्यानं सांगितलं, भटजीनं सांगितलं. मला एकाचंही खरं वाटलं नाही. विचारल्यावर असंच म्हणायचं असतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

बाई आता कडावला नाही. नवरा बोट सोडून आला, दोघं खालापूरकडं राहायला गेली. गाळ्यात मोबाईलचं दुकान आहे. जायच्या आधी ती माझ्या घरी आली होती. ओटीवर बसली, पाणी प्यायली. मी तिलाही विचारलं, "माझ्या खोट्यानं गेली का गं ती?"

तिनं लगेच नाय म्हटलं नाही. पेला खाली ठेवला.

"तेव्हा आजारी पडल्या त्या त्यानंच," म्हणाली. "तुमच्याही चुकीनं आणि माझ्याही. नंतर कशानं गेल्या, ते मला माहीत नाय काका. डॉक्टरला पण नसंल."

एवढं बोलून तिनं चपला घातल्या आणि गेली. मी ओटीवरच आडवा झालो. ही गेल्यापासून बारा दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्या दुपारी जो झोपलो, तो म्हशी हंबरायला लागल्या तेव्हा उठलो.