बरणीतले डास

माझी पहिली नोकरी बारामतीच्या एका जैन पाठशाळेत होती. सकाळी धर्माचे पाठ, मग भाषा, गणित, आणि शेवटच्या तासाला माझं विज्ञान. मी जैन नव्हते, वय एकवीस.

पन्नास सालानंतरचा तो काळ. कालव्याच्या बाजूला हिवतापाची साथ होती. तिसरीतली एक मुलगी आठवडाभर शाळेत आली नव्हती. डासामुळे हिवताप होतो, हे मी फळ्यावर लिहिलं. पण डास येतो कुठून, ते लिहून कळण्यासारखं नव्हतं. म्हणून शाळेच्या हौदातलं पाणी मुलांसमोर काचेच्या बरणीत घेतलं. त्यात अळ्या वळवळत होत्या. बरणीच्या तोंडाला मलमल बांधून ती खिडकीत ठेवली.

शाळेत पाणी गाळूनच प्यायचे. गाळण्यात अडकलेले जीव मरू नयेत म्हणून शिपाई गाळणं उलटं करून पुन्हा हौदात धुवायचा. अळ्या सुखरूप परत जायच्या. मला ते दिसत होतं, पण बोलायची छाती होत नव्हती.

पाचव्या दिवशी बरणीत चार डास उडायला लागले. मुलांनी घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी विश्वस्तांमधले सगळ्यात वडीलधारे, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, थेट वर्गात आले. मागे हेडमास्तर, चेहरा उतरलेला.

"बाई, जीव कोंडून ठेवलेत म्हणं?"

"हो आप्पा. मुलांना दाखवायला. आपल्याच हौदातले आहेत."

"आपल्या हौदात डास न्हाईत."

पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली. "हायेत आप्पा. आमच्यासमोर पाणी घेतलंय. आधी अळ्या हुत्या."

हेडमास्तरांनी डोळे वटारले. ती उभीच राहिली.

आप्पा बरणीशी वाकले. नेमका तेव्हाच पाण्यावर एक कोष उकलत होता. त्यातून डास हळूहळू बाहेर आला आणि स्वतःच्या सालावर उभा राहिला. आप्पा सरळ झाले.

"सोडा त्यांना."

मी मलमल सोडली. डास बाहेर आले. एक आप्पांच्या मनगटावर बसला. सगळा वर्ग त्या मनगटाकडे बघत होता. आप्पांनी त्याला हाकललं नाही. पोट लाल करून तो उडाला, तेव्हा त्यांनी विचारलं, "आन् ह्या राहिलेल्या अळ्या?"

"हौदात सोडणार नाही आप्पा. एक मुलगी तापानं पडलीय."

"मग मारणार?"

हो म्हटलं तर नोकरी गेली, नाही म्हटलं तर खोटं.

उभी असलेली मुलगीच बोलली, "आप्पा, हौद झाकला तर? डास आत अंडीच घालायचा न्हाय. मग मारायबी लागायचं न्हाय."

आप्पा बरणी दोन्ही हातांनी उचलून, पाणी हिंदकळू न देता, निघून गेले. "सामान आवरून ठेवा," हेडमास्तर मला एवढंच म्हणाले.

सामान बांधून मी तीन दिवस निरोपाची वाट बघितली. चौथ्या दिवशी हौदाशी सुतार माप घेताना दिसला. आठवड्यात लाकडी झाकण बसलं, फटींना कापड लावलं. मला कुणी जा म्हणून सांगितलं नाही, मी शिकवत राहिले. त्या अळ्यांचं आप्पांनी काय केलं, ते विचारायचं धाडस मला कधीच झालं नाही.

आजारी मुलगी महिन्यानं परतली. इतकी वाळली होती, की पहिल्या क्षणी मी तिला ओळखलंच नाही.