कोपाची वाट पाहणाऱ्या चांगुणाबाई

चांगुणाबाई साळवे यांच्या विश्वासाबद्दल प्रवरेकाठच्या त्या गावात कुणाला शंका नव्हती. शाळेत पोरांची खिचडी शिजवायची, रविवारी सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये येऊन बाक पुसायचे, आणि पाळकबाबा प्रीतीवर बोलायला लागले की बसल्या जागी डुलकी काढायची. प्रीतीत बाईंना फारसा रस नव्हता. त्यांचा देव न्याय करणारा होता. गावात कुणी कुणाचा बांध कोरला, कुणी सासूला उपाशी ठेवलं, की बाई एवढंच म्हणायच्या, "त्याच्या काठीला आवाज न्हाई." आणि वाट बघायच्या. बांध कोरणाऱ्याचा बैल लंगडला की त्यांना दोन घास जास्त जायचे. लोक हसायचे, पण बाईंच्या देखत वाकडं पाऊल टाकायला जरा कचरायचे, हेही खरं.

मग चार वर्षांमागे बाईंवर स्वतःसाठीच न्याय मागायची पाळी आली.

नवरा लवकर गेला होता. पोरं दोन, थोरला संदीप आणि धाकटी सीमा. सीमा श्रीरामपूरला नर्सिंग शिकायची, आणि संध्याकाळी तिला फाट्यावरून आणायला संदीप मोटारसायकल घेऊन जायचा. त्या दिवशी पाटाच्या पुलावर उसाने भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागे दिवा नव्हता. ट्रॉलीवाला भिमाजी त्यांच्याच आळीतला, चर्चच्या त्यांच्याच मंडळीतला. तो पंक्चरवाल्याला आणायला गेला होता. गाडी बंद पडली की मागे बाभळीच्या फांद्या आणि चार दगड टाकायचे, ही आपल्या रस्त्यांची रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. संदीपला अंधारात ट्रॉली दिसली नाही. सीमा जागेवर गेली आणि संदीपचा हात मोडला.

कोर्टात भिमाजीने शपथेवर सांगितलं की फांद्या त्याने टाकल्या होत्या. पंचनाम्यातही फांद्या निघाल्या. "फांद्या नव्हत्या," असं संदीप एकटा सांगत राहिला. पोराचं लक्ष मोबाईलमध्ये असेल, असं समोरच्या वकिलाने सुचवलं, आणि गावालाही ते पटण्यासारखं वाटलं. दोन वर्षांनी भिमाजी सुटला.

बाई कोर्टातून घरी आल्या त्या शांत होत्या. कोर्ट माणसांचं होतं. खरा न्याय पुढेच होता, आणि त्यांनी वाट बघायला सुरुवात केली. भिमाजीच्या दारावरून जाताना त्या आत नजर टाकायच्या. पण आत पाळणा हलत होता; लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर त्याला पोरगा झाला होता. अंगणात नवा ट्रॅक्टर आला. तो सुटला त्याच वर्षी मार्चमध्ये गारपीट झाली आणि बाईंचा अर्धा एकर कांदा भुईसपाट झाला. रस्त्यापलीकडे भिमाजीचा ऊस पानं फाटून का होईना, पण उभा राहिला. कांद्यासारखी उसाला गार लागत नाही, हे जन्म रानात काढलेल्या बाईंना कळत नव्हतं असं नाही. पण दुःखात माणूस आपल्याला येतं तेवढंही विसरतो. त्यातच वाकड्या जुळलेल्या हातामुळे संदीपला धरलेल्या कामावरून परत पाठवलं.

बाईंनी या सगळ्याचा एकच अर्थ लावला. काठी पडली होती. ती कुणावर पडली, हे आता उघड दिसत होतं.

संदीप जेवायला बसला होता. भाकरी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "देवानं दावलं कुनाची चूक हाय ते."

संदीपने मान वर केली. "आई, फांद्या नव्हत्या."

"मंग कोर्ट खोटं. आन देव बी खोटा व्हय?"

तो अर्ध्या भाकरीवरून उठला. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून चाकणला गेला आणि तिथल्या एका कारखान्यात लागला. नाताळला तेवढा त्याचा फोन यायचा. बरी हायस का, बरी हाय, तू बरा हायस का. आणि फोन बंद.

त्यानंतरची बाईंची दोन वर्षं सांगायची तर सांगण्यासारखं काही नाही. त्या रडल्या नाहीत. एकदा खिचडीच्या पातेल्याला त्यांचा हात टेकला तो टेकलेलाच राहिला. बरोबर काम करणाऱ्या ज्योतीने ओढून काढला, तेव्हा त्यांनी भाजलेल्या कातडीकडे दुसऱ्याच कुणाची असल्यासारखं बघितलं. बाक पुसायला त्या जात राहिल्या. पाळकबाबा देवाच्या रागावर बोलले तरी आता त्यांना डुलकीच लागायची. सीमा गेली आणि तिच्या भावाला शिक्षा झाली. वाट बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

यंदा उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी मंडळी जमली. त्या दिवशी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, असतं, आणि त्याआधी त्या मंडळीची एक जुनी चाल आहे. ज्याच्या मनात काही डाचत असेल त्याने पहिल्या बाकापुढे यायचं, सगळ्यांकडे तोंड करून आपलं पाप सांगायचं आणि उजवा हात पुढे करायचा. ज्याचा अपराध केला त्याने उठून तो हात धरायचा. मग तो भोजनाला बसतो. हात धरला नाही, तर तो दारापाशी मागे जाऊन बसतो. कोंबडी चोरणारे, नांगराच्या फाळासाठी भावाशी भांडलेले, असे लोक दरवर्षी तिथे उभे राहतात, आणि बघणाऱ्यांची जरा करमणूकही होते.

पाळकबाबा त्या दिवशी थोडंच बोलले. देव रागाला उशीर लावतो तो विसरभोळा म्हणून नाही, माणसाला वळायला वेळ मिळावा म्हणून लावतो, असं काहीसं. मग त्यांनी विचारलं, कुणाला यायचंय का, आणि भिमाजी उठला.

करमणुकीला बसलेली माणसं सावरून बसली.

"फांद्या नव्हत्या," भिमाजी म्हणाला. "पंक्चरवाल्याला घिऊन आलो तवा पोरगी पडल्याली हुती. मंग मी बाभूळ तोडून मागं टाकली. कोर्टात खोटं बोललो. लई दिस वाट बघितली, आता काय तरी हुईल, मंग हुईल. तर पोरगा झाला. ट्रॅक्टर आला. काईच वाईट झालं न्हाई. त्याचंच भ्या वाटाया लागलं मला. सनानंतर ठान्यात जाऊन हेच सांगनार हाय." आणि त्याने हात पुढे केला.

सगळ्यांच्या माना चांगुणाबाईंकडे वळल्या. पाळकबाबाही थांबले.

बाईंनी आत राग शोधला. एवढी वर्षं ज्याच्यासाठी त्या जगल्या, तो क्षण समोर उभा होता, आणि आत काहीच हललं नाही. राग नव्हता, दया नव्हती. त्या माणसाचा हात दिसत होता, नखांत ग्रीस होतं, एवढंच. 'फांद्या नव्हत्या' हे दोन शब्द तेवढे कानात राहिले होते, आणि ते भिमाजीच्या आवाजात ऐकू येत नव्हते. भाकरीवरून मान वर करून ते कुणीतरी आधीच सांगितलं होतं.

त्या उठल्या, त्या हाताकडे पाठ करून चालत गेल्या आणि दाराबाहेर पडल्या. मागे कुजबुज झाली. नाही दिला हात, बरोबरच केलं, असं बायका म्हणाल्या.

बाहेर लिंबाखाली उभं राहून बाईंनी चाकणला फोन लावला.

"संदीप, फांद्या नव्हत्या."

पलीकडे मशिनांचा आवाज येत होता. "आई, हे म्याच तुला सांगितलं हुतं."

"व्हय. म्या तुला खोटं पाडलं. देवाचं नाव घिऊन पाडलं. मला माफ कर."

फोन कटला की काय, म्हणून त्यांनी तो कानापासून काढून बघितला आणि परत लावला.

"शिफ्ट चालू हाय," संदीप म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

बाई तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते आलं नाही. मग त्या चप्पल काढून परत आत गेल्या. भिमाजी होता तिथेच होता. त्याने हात खाली घेतला होता आणि दारापाशी जाऊन बसायचं की थांबायचं, हे त्याला कळत नव्हतं. बाई आपल्या जागेवर गेल्या नाहीत. त्या थेट पुढे आल्या आणि त्याच्या शेजारी, मंडळीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"सरक जरा," त्या त्याला म्हणाल्या.

पाळकबाबा गोंधळले. "चांगुणाबाई, तुम्ही हात द्यायचा आहे. तुम्ही इथं कशाला?"

"माजा कुनी धरला न्हाई अजून. म्या ह्याला काय दिऊ?" बाई म्हणाल्या. मग त्यांनी आपला उजवा हात पुढे केला. तो धरायला उठणारं तिथे कुणी नव्हतं, आणि हे त्यांना ठाऊक होतं. "माज्या लेकानं खरं सांगितलं हुतं. मी म्हनले, देवानं तुला शिक्षा दिली. देवानं न्हाई दिली. मी दिली."