जाहिरात पुरी ऐकून घेणारे अण्णा

अख्ख्या बेंगळुरात जाहिरात मध्येच बंद करायला लाजणारा एकच माणूस असेल, तो म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे अण्णा. मूळचे निपाणीकडचे. उदबत्तीचे नमुने घेऊन जन्मभर दुकानोदुकानी फिरले, आता जे. पी. नगरात एकटेच असतात. फोनवर जाहिरात लागली की चष्मा लावून ताठ बसतात. "दारात आलेल्याचं पुरं ऐकावं रे. घ्यायचं का न्हाई, ते मागनं." केस वाढवणाऱ्या तेलाची बाई आली, तेव्हा टकलावरून हात फिरवत तिला म्हणाले, "बाई, उशीर केलासा की." ट्रॅक्टरची जाहिरात पाहून तर खाली पार्किंग मोजून आले. का, तर जागा बघितल्याशिवाय नको म्हणणं बरं दिसत नाही.

फोन बिघडला की ते मला बोलवायचे. मी जायचो, पण बूड टेकवत नसे. "बस की रे, मागं काय कुत्रं लागलंय?" म्हणायचे. लागलेलं होतं, पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. अण्णा गावाकडच्या लोकांचे फोटो ज्या अ‍ॅपवर बघायचे, ते मारतहळ्ळीच्या आमच्या ऑफिसात तयार झालेलं. फोटो, गप्पा सगळ्या दुसऱ्याच कंपनीच्या. आमची नुसती त्यात डोकावायची खिडकी, आणि तिला टांगलेल्या जाहिराती. त्या बंद करायची फुली आणखी बारीक, आणखी फिकट करा, ही सूचना माझी. लोक वैतागले की जाहिराती काढायचे पैसे भरतात. भरलेही, आणि मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं. जाहिरात पुरी ऐकून झाल्यावर अण्णांचं थरथरतं बोट मात्र फुली चुकून जाहिरातीवरच पडायचं. अ‍ॅपला वाटे, गिऱ्हाईक उत्सुक आहे. ते दुप्पट जाहिराती धाडी. अण्णा म्हणायचे, "माया लागलीय रे त्यांना माझी."

हे मला सोसेना. एका रविवारी फोन बघायच्या निमित्ताने मी गुपचूप पैसे भरून त्यांच्या जाहिराती काढून टाकल्या आणि हलका होऊन खाली आलो.

आठवड्याभराने अण्णा माझ्या दारात, हातात फोन. "कोण येईनाच बघ. त्या तेलवाल्या बाईला माझं बोलणं लागलं काय रे? मी आपलं थट्टेनं म्हटलेलं."

मग मी सगळं सांगितलं. फुली, बोट, पैसे. त्यांनी पुरं ऐकून घेतलं, माल घेऊन आलेल्याचं ऐकावं तसं.

"म्हंजे ती सगळी तूच धाडत होतास."

"हो, अण्णा."

"आणि सवता एक जिना चढत न्हवतास." त्यांनी फोन खिशात टाकला. "सरी, बरं. काढलंस ते राहू दे. तूच येत जा की स्वल्प, थोडं बसायला."

आता संध्याकाळी मी वर जातो. विकायला काही नसतं, तरी बोलतो. बूड टेकवून बसतो, पाय मात्र अजून हलत राहतो. अण्णा चष्मा लावून, ताठ बसून पुरं ऐकतात. फक्त कधी कधी मध्येच त्यांची नजर त्या मुक्या फोनकडे जाते, तेलवाली बाई येतेय का बघावं तशी.