डावे हात

"येतंय त्यानं उजवा हात वर करायचा, येत न्हाई त्यानं डावा. पण हात सगळ्यांचे वर पाह्यजेत!" मॅडमनी चौथीच्या वर्गाला बजावलं आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही फक्त उजव्यांना विचारा. उद्या मागं बसणाऱ्या सरांना काय कळतंय? बिलकुल घाबरू नका."

घाबरण्यासारखंच होतं. डी.एड.चे माझे आधीचे दोन सरावपाठ फसले होते. उद्या आमच्या अध्यापक विद्यालयाचे सर तिसरा पाहायला येणार, आणि तोही फसला तर वर्ष वाया. आठवीतून शाळा सोडलेली मी, बाहेरून दहावी-बारावी करून कोकणातून इतक्या लांब, घनसावंगीकडच्या या गावात आलेली. मॅडमनी मला खोली मिळवून दिली होती. रोज डब्यात माझ्यासाठी एक भाकरी जास्तीची आणायच्या. त्यांना नाही कसं म्हणू?

दुसऱ्या दिवशीचा पाठ अपूर्णांकांचा. मी विचारलं, "एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?" सगळे हात वर. मागं बसलेले सर खूश दिसले. खिडकीपाशी बसणाऱ्या मुलीचा डावा हात मात्र अगदी ताठ होता, सांगितलेलं काम मन लावून करावं तसा. पहिल्या प्रश्नापासून तो तसाच वर जात होता, आणि मी त्याच्यावरून नजर फिरवून पुढं जात होते. मला माझा आठवीचा वर्ग आठवला. वर्षभर मला कुणी काही विचारलं नव्हतं. माझी शाळा सुटली तेव्हा कुणी विचारायला घरीही आलं नाही.

मी त्या मुलीचं नाव घेतलं.

ती उठली. मॅडमकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "एक चतुर्थांश. चार मोठे असतेत ना तिनापेक्षा."

वर्ग खो खो हसला. "अगं, तुझा डावा होता की!" शेजारचा पोरगा ओरडला, आणि सरांनी वहीतून मान वर केली.

मी मॅडमच्या डब्यातल्या दोन भाकऱ्या काढल्या. एकीचे तीन तुकडे केले, दुसरीचे चार. तिला म्हटलं, कुठला तुकडा घेशील? ती मान खाली घालून उभीच. तेवढ्यात घंटा झाली. माझ्या टाचणातला निम्मा पाठ तसाच राहिला.

"उद्दिष्ट साध्य झालं नाही," सरांनी शेरा लिहिला. पुन्हा एक संधी देतो म्हणाले, हे त्यांचे उपकारच.

ते गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "एवढे उजवे हात होते बाई, तुम्हाला तोच सापडला?" थोड्या वेळानं, "खाऊन घ्या आता. तुकडे करून ठेवलेतच."

त्या आठवड्यात 'माझे अध्यापन तत्त्वज्ञान' यावर दोन पानं लिहून द्यायची होती. 'ज्याला येत नाही त्याला आधी विचारावं,' असं मी मोठ्या अभिमानानं लिहिलं. सकाळी वर्गात गेले, फळ्यावर गणित मांडलं. हात वर झाले. ती मुलगी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती.

वही उघडून मी ते वाक्य खोडलं. मधल्या सुट्टीत पोरं मैदानावर पळाली तेव्हा ती एकटीच वर्गात राहिली होती. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि भाकरी पुढं ठेवली. या वेळी तोडायला तिलाच सांगितलं. बराच वेळ तिनं हात बाहेर काढले नाहीत. मीही घाई केली नाही.